आधी दार लावून दाखवा

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. दाराला लटकणारे नव्हे, दाराच्या पोटात बसवलेले. स्टेशनापासून चालत सहा मिनिटांवर एक तीन मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या दारात माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही माझी हकिकत वाचायला बसलात ती नेमकी कशासाठी, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. राग मानू नका. ज्याच्या भरवशावर लोक घर सोडून जातात, त्याने दोनदा विचार केला तर बिघडले कुठे?

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्या दिवशी आणखी काही शे भावंडे जन्मली असतील. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक कुलपात किल्ली घालून त्या तीनदा फिरवायच्या आणि खोक्यात टाकायच्या. माझी किल्ली त्यांनी चारदा फिरवली. यांना माझ्यात काय खोट दिसली, हा प्रश्न मला तेव्हा पडला तो अजून सुटलेला नाही.

मला विकत घेतले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. स्टेशनाच्या जिन्यासमोर त्यांचे एवढेसे दुकान आहे. आज सगळे त्यांना घड्याळवाले आजोबा म्हणतात, तेव्हा ते काळ्याभोर केसांचे होते. सुताराला न बोलावता त्यांनी मला स्वतःच्या हातांनी दारात बसवले. बसवताना दार किंचित तिरके लागले, म्हणून मला एक खोड जडली. नुसती किल्ली घालून मी दाद देत नाही. दाराची मूठ जरा वर उचलायची, दार आपल्याकडे ओढायचे आणि मग किल्ली फिरवायची. बंद करतानाही तेच. त्या घरच्यांच्या हाताला ही सवय इतकी पडली की दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी ती माणसे कोपराने मूठ उचलून मला उघडायची. आजोबांच्या मंडळी तर म्हणायच्या, "आपल्या कुलपालासुद्धा जरा हातापाया पडल्याशिवाय चालत नाही."

खरे सांगू, मला फार थोडे दिसते. माणसे मला बोटांवरून कळतात. आजोबांच्या बोटांना तेलाचा वास, मुलांची बोटे चिकट, मंडळींची घाईत असलेली. ती माझी चांगली वर्षे होती. एकदा कोणी परका तारेने माझ्याशी अर्धा तास झटापट करून घामाघूम झाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यावरचे ओरखडे बघून आजोबांनी माझी पाठ थोपटली होती. त्या कौतुकावर मी पुढे बरीच वर्षे काढली.

मग मंडळी गेल्या. मुले दूरच्या गावी नोकऱ्यांना लागली. आजोबांना घर खायला उठू लागले, तेव्हा ते दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेले आणि घर भाड्याने द्यायचे त्यांनी ठरवले. अट एकच, भाडे पहिल्या तारखेला हातात. फोनवरून पाठवलेले पैसे त्यांना पैसे वाटत नसत. "जे दिसत नाही त्याला मी पैसे म्हणत नाही," असे ते ज्याला त्याला सुनवायचे. आता स्टेशनजवळ घर शोधणारी माणसे बहुतेक तरुण आणि धावपळीची. खिशात रोकड बाळगणारे त्यांत शोधून सापडायचे नाहीत. ती यायची, खोल्या बघून खूश व्हायची आणि अट ऐकून जिना उतरायची. घर सात महिने रिकामे राहिले.

पण मित्रांनो, गंमत बघा. फोनवर ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता, ते आजोबा दारात उभ्या असलेल्या कोणाच्याही हातात माझी किल्ली ठेवायचे! कोणी नीट इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आला, छापील कार्ड पुढे केले आणि "आजोबा, पार्टी आणलीय, घर दाखवून येतो," म्हणाला की झाले. हे घड्याळात डोके घातलेलेच असायचे. खुंटीवरची किल्ली काढून द्यायचे आणि पुन्हा काट्यांत बुडून जायचे. अशी पाच-सहा परकी बोटे माझ्याशी खेळून गेली. त्यांतला एक जण लवकर परत गेला नाही. किल्ली घेऊन तो आधी कुठेतरी जाऊन आला, मग त्याने प्रत्येक खोलीचे फोटो काढले. दाराचा, म्हणजे माझाही काढला. मला तेव्हाच पाल चुकचुकल्यासारखे झाले. पण कुलपाचे कोण ऐकतो?

त्या माणसाला मी गोडबोल्या म्हणतो. खरे नाव त्याने प्रत्येकाला वेगळे सांगितले असणार.

एका रविवारी दुपारी तो दोघी बायकांना घेऊन वर आला. एक मुलगी, दवाखान्यात एक्स-रे काढणारी. दुसरी तिची आई. आईने तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडून दिले होते. आता तिच्या डोळ्यांतला उजेड कमी होत चालला होता. समोरच्याचा चेहरा तिला धुरकट डागासारखा दिसायचा. बोटांनी वाचायला शिकवणारी एक संस्था दोन स्टेशने पुढे होती आणि तिथे एकटीने जायचे असा तिने हट्ट धरला होता. त्या दोघी राहत होत्या तिथून दोन बस बदलाव्या लागत आणि एक मोठा चौक ओलांडावा लागे. मुलीला सुट्टी असेल त्याच दिवशी आईचा वर्ग. बाकीचे दिवस आई खिडकीशी बसून. मोठा रस्ता न ओलांडता स्टेशन गाठता येईल असे घर मिळाले, तरच आईला स्वतःच्या पायांनी कुठे जाता येणार होते. त्या दोघींचे सगळे त्यावर अडले होते.

हे मला कसे कळले? गोडबोल्या माझ्याशी झगडत होता तेवढ्या वेळात त्या दोघी जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या. आणि तो बराच वेळ झगडत होता.

"मी वेळ लावून चालले, आई. तुझ्या चालीने नऊ मिनिटं. रस्ता एकदम सरळ आहे."

"जाहिरातीत पाच म्हटलं होतं."

"जाहिरातीत सगळंच पाच मिनिटांवर असतं. पण ऑनलाइन भाडं चालतंय यांना, ते महत्त्वाचं. तू घरी एकटी असताना दर महिन्याला पैसे न्यायला कुणी दारात यायला नको."

"माझंच घर आहे हो," गोडबोल्या मान न वळवता म्हणाला. "मधे एजंट-बिजंट कुणी नाही. दार जरा फुगलंय, बाकी काही नाही."

त्याने किल्ली उलटी घातली, सुलटी घातली, बाहेर काढून फुंकली. मी हूं की चूं केले नाही. शेवटी त्याने दाराला खांदा दिला आणि तिरकेपणाने मला हिसका बसून मी उघडलो. सगळे आत गेले. आई मात्र उंबऱ्याशीच थांबली. तिने दाराची चौकट चाचपली, मूठ चाचपली आणि मग तिची बोटे माझ्यावर आली. हलकी, सावकाश फिरणारी बोटे. इतक्या बारकाईने मला आजवर कोणी पाहिले नव्हते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तरी कबूल करतो, त्या बोटांचा मला संशय आला नाही.

आत गोडबोल्याची गाडी सुसाट सुटली होती. "ताई, तुमच्यासारखी सज्जन माणसं मिळणं कठीण. पण काय आहे, चार वाजता अजून एक पार्टी येतेय. तुम्ही टोकन आत्ता फोनवरून पाठवलंत तर मी त्यांना नाही म्हणून सांगतो. शब्द म्हणजे शब्द."

मुलीने फोन काढला. तिचा अंगठा फोनवर फिरू लागला. मित्रांनो, मी नुसता दारात बसून होतो. माझी जीभ आत-बाहेर सरकते, पण तिला बोलता येत नाही. त्या मिनिटाइतके असहाय मला कधी वाटले नाही.

"आधी दार लावून दाखवा," आई म्हणाली.

"अं?"

"दार. मी एकटीच असणार दिवसभर. कसं लावायचं ते दाखवा."

गोडबोल्या हसत हसत आला. त्याने दार ढकलले. मी लागलो नाही. जोरात ढकलले. चौकट हादरली, मी तसाच. त्याने किल्ली फिरवून बघितली, शिवी गिळली, पुन्हा आपटले. आई जवळच कान देऊन उभी होती.

"पैसे पाठवू नकोस गं," ती शांतपणे मुलीला म्हणाली. "आवाज यांचा गोड आहे, मलाही आवडला होता. पण हे या घरात कधी राहिलेले नाहीत. राहिलेल्या माणसाचा हात स्वतःच्या दाराशी असा भांडत नाही."

गोडबोल्याचा चेहरा मला दिसला नाही, पण मुठीवरची त्याची बोटे एकदम गार पडली. "विश्वास नसेल तर राहू द्या ताई, गिऱ्हाइकं काय कमी आहेत?" असे काहीतरी पुटपुटत, किल्ली खिशात कोंबून तो धडाधड जिना उतरून गेला.

मुलगी भानावर आली आणि आईचा हात धरून निघायला लागली. आई हलेना.

"अगं, दार उघडं आहे. कुणाचं तरी घर असं टाकून कसं जायचं?"

म्हणून त्या दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. तुम्ही म्हणाल, भली माणसे. मी मात्र विचार करत होतो, एवढा चांगुलपणा कशासाठी? इतक्यात घड्याळवाले आजोबा वर आले. दर रविवारी ते नळ सोडून बघायला आणि मला दोन थेंब तेल द्यायला येतात. आपले दार सताड उघडे आणि समोर दोन अनोळखी बायका, हे बघून ते पायरीवरूनच ओरडले.

"कोण तुम्ही? कुलूप कसं फोडलंत?"

"फोडलं? आम्ही?" मुलगी ताडकन उठली. "आणि तुम्ही कोण? आता तुम्हीही मालक का?"

"मी मालकच आहे!"

"आत्ताच एक मालक उतरून गेले. आज मालकांचा बाजारच भरलाय."

आजोबा पोलिसांना बोलावू म्हणाले, मुलगी म्हणाली खुशाल बोलवा. आवाज चढत गेले. तेव्हा आईने पुन्हा तेच सांगितले, "भांडू नका. दार लावून दाखवा तुम्ही."

आजोबा आधी चिडले. मग त्यांनी डाव्या हाताने मूठ उचलली, दार ओढले आणि खिशातली किल्ली फिरवली. खट्. एका दमात. आई हसली. मुलगी मात्र हसली नाही. ती एकदा फसता फसता वाचली होती, तेव्हा लगेच खुलेल कशी?

मग एकेक उलगडा झाला. जाहिरात, फोटो, टोकन. आजोबा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला असावा, कारण किल्लीवरची त्यांची पकड सैल पडत होती. "किती जणांना दिली मी किल्ली," ते म्हणाले. "कुणाला दिली ते आठवतसुद्धा नाही. कार्ड होतं ना त्यांच्याकडे." फोनला आयुष्यभर नावे ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खुंटीने दगा दिला होता.

घर त्या दोघींना आवडले होतेच. पण ऑनलाइन भाड्याचे नाव काढताच आजोबांनी मान हलवली. "जे दिसत नाही त्याचं मी काय करू?"

"मलाही आता फारसं काही दिसत नाही," आई म्हणाली. "म्हणून मी समोरचा जिना नाही असं धरून चालले, तर पडेन की."

मुलीने तोडगा काढला. ती रेल्वेच्या एका तिकिटाएवढेच पैसे आजोबांच्या खात्यात पाठवणार, आजोबांनी बँकेत जाऊन पासबुकात ते उमटले का बघायचे. उमटले तर पुढचे बोलायचे. ती मोठी रक्कम पाठवायला तयार नव्हती, ते घराला हो म्हणायला तयार नव्हते. दोघेही माझ्याच जातीचे. मला बरे वाटले.

पुढचे तीन दिवस मात्र वाईट गेले. आधीच्या घरमालकाने दोघींना महिनाअखेरीची मुदत दिलेली, हे मी ऐकले होते. आजोबा बँकेत गेलेच नाहीत तर? गेले आणि उमटलेच नसले तर? ती बोटे पुन्हा माझ्यावर फिरतील की नाही याची मला हुरहूर लागली. कुलपाला असली हुरहूर शोभत नाही, पण लागली.

बुधवारी सकाळी आजोबा दोघींना घेऊन वर आले. छातीशी पासबुक धरलेले. "आलेत बरं का! एका तिकिटाचे पैसे, तारखेसकट छापून आलेत. मी दोनदा विचारलं त्यांना, हे खरे का म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आजोबा, खरे आहेत, आता रांग सोडा."

त्या दिवशी आई पहिल्यांदा खळखळून हसली.

त्या दोघी राहायला येण्याआधी आजोबांनी एक काम केले. ते पोलिसांकडे तक्रार नोंदवून आले आणि मग पेचकस घेऊन माझ्यापुढे बसले. किल्ली शिरते तो माझा गाभा त्यांनी काढला आणि त्या जागी नवा घातला. गोडबोल्याकडची किल्ली आता निकामी झाली. मला वाईट वाटले का? वाटले. इतक्या वर्षांच्या बोटांच्या आठवणी त्या गाभ्यात होत्या. काही दिवस तर मी मीच आहे की दुसरे कोणी, असा माझा मलाच संशय येत होता. पण बाहेर माझ्या किल्लीची नक्कल फिरत असताना मी जुन्याचा हट्ट धरून कसे चालले असते? दाराचा तिरकेपणाही नीट करून देतो, असे आजोबा म्हणाले. आई म्हणाली, "राहू द्या. माझ्या हाताला कळलंय आता."

मग आमचे बरे चालले. आई पहिल्या आठवड्यात मुलीबरोबर, दुसऱ्या आठवड्यात मुलगी दहा पावले मागे राहून, आणि तिसऱ्या आठवड्यात एकटी स्टेशनवर गेली. परत आली तेव्हा मूठ उचलताना ती मला म्हणाली, "जमलं रे." मुलगी बाहेर पडताना रोज एकच बजावायची, "आई, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही." याबाबत माझे आणि मुलीचे अगदी एकमत होते.

चार महिन्यांनी, एका दुपारी माझ्यात किल्ली शिरली. नवी कोरी किल्ली, पण दात माझ्या जुन्या गाभ्याचे. मी दचकलो. ती फिरेना. पुन्हा घातली, पुन्हा फिरेना. बाहेर दोन माणसांचा श्वास आणि जमिनीवर ठेवलेल्या बॅगांचा आवाज.

आई दाराशी आली. "कोण आहे?"

किल्ली बाहेर निघाली. मग एक पुरुष म्हणाला, "तुम्ही कोण? हे आमचं घर आहे. म्हणजे, आजपासून आमचं."

"किल्ली कुणी दिली?"

"कुरियरनं आली. आम्ही पैसे भरलेत हो. तीन महिन्यांचे. ऑनलाइन. पावती आहे फोनमध्ये." मग एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "नंबर नीट बघ ना, आपलंच काहीतरी चुकत असेल." ते वाक्य तिने तीनदा म्हटले.

मित्रांनो, मी मनात ओरडत होतो. उघडू नका! गोडबोल्याचीच माणसे असतील. रडका आवाज कोणालाही काढता येतो. आईचा हात साखळीवर होता आणि तिथेच थांबला होता. गोड आवाजाला ती एकदा भुलली होती, ते ती विसरली नसणार. मुलीचे बजावणे तिला आठवत असणार. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिने साखळी काढली, मूठ उचलली आणि मला उघडले.

बाहेर बेकरीत काम करणारा एक तरुण आणि त्याची बायको उभी होती. दोन बॅगा, आणि बायकोने दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला टेबलावरचा पंखा. जुनी खोली ते त्याच सकाळी सोडून आले होते.

आईने त्यांना आत बसवले, पाणी दिले आणि जमेल तेवढ्या हळुवारपणे खरे काय ते सांगितले. बायको रडली नाही. तिने पंखा मांडीवरून खाली ठेवलाच नाही, एवढेच. आईने आजोबांचा नंबर पाठच केलेला होता, एक्स्चेंजची सवय. तिने त्यांना बोलावून घेतले.

आजोबा आले, सगळे ऐकून त्यांनी ती कुरियरची किल्ली हातात घेतली. "ती किल्ली माझ्या खुंटीवरून गेली," ते म्हणाले. "दुकानामागे माझी सामानाची खोली आहे. आजच्या आज रिकामी करतो. दुसरी सोय होईपर्यंत राहा."

तरुणाने विचारले, "आधी किती पाठवायचे?"

"आधी काही नाही. नंतरही काही नाही."

हे ऐकून ती दोघे आणखीच घाबरली. बायको नवऱ्याच्या कानाशी लागली, "फुकट कोण देतं? पुन्हा तसंच असेल." त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. शेवटी त्यांनी बॅगा आईपाशी ठेवल्या आणि खोली बघायला गेली. पंखा मात्र बरोबर नेला.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. दारात परक्या बॅगा बघून तिचा पारा चढला. "दार उघडलंस? आई, किती वेळा सांगितलंय मी! कुणी काही केलं असतं म्हणजे?"

"केलं असतं," आई म्हणाली. "तेही होऊ शकलं असतं. पण त्या दिवशी तू पैसे पाठवले असतेस, तर आज बॅगा घेऊन बाहेर आपण दोघी उभ्या असतो. आणि आतलं कुणी दार उघडलं नसतं."

मुलगी बॅगांशेजारी जमिनीवर बसली, फोन उघडून तिने ती जाहिरात शोधली. अजून होतीच. स्टेशनजवळ, पाच मिनिटे, ऑनलाइन भाडे चालेल, आणि खाली माझा फोटो. एका हाताने डोळे पुसत ती तक्रार लिहीत बसली.

तर मित्रांनो, विश्वास ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या तोंडी ते शोभायचे नाही. घर न पाहता पैसे पाठवू नका, किल्ली देताना घड्याळातून डोके वर काढा, आणि जुन्या कुलपाला अधूनमधून तेल द्या. पण दाराबाहेर कोणी फसून उभे आहे असे वाटले, तर आतून निदान विचारा, कोण आहे म्हणून. मी बंद राहायला शिकलो ते कारखान्यात. त्या दुपारी मला उघडणारी बोटे साखळीवर थांबली होती, आणि तरी ती माझ्यापर्यंत आली.